उणे एकपासून

१

तीन नंबरच्या खोलीचं दार लावायच्या आधी बाबा आत तोंड करून तीनदा हाक मारत. "कोणी आहे का, कोणी आहे का, कोणी आहे का?" तिन्ही हाका एका दमात. तिसऱ्या हाकेतला 'का' संपायच्या आत वीतभर जाडीचं ते दार धप्पकन बसलेलं असे, बाहेरून कडी पडलेली असे, आणि बाबा किल्ल्यांचा जुडगा वाजवत पुढच्या खोलीकडे निघालेले असत.

अर्ध्याने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला हसू आलं. मग राग आला. मोठ्या माणसांच्या बहुतेक गोष्टींचं त्याला याच क्रमाने व्हायचं.

"बाबा, विचारलंत तर थांबा तरी. आतून कोणी ओ दिली असती तर?"

"दिली का कोणी?"

"तुम्ही ऐकलंच नाही."

"म्हणजे नाही दिली," बाबा म्हणाले.

घरातही हीच तऱ्हा. "कॉलेज सोडतोयस, पुढचा काही विचार केलायस का?" असं विचारून बाबा उत्तराच्या आत अंघोळीला गेले होते. रोज सकाळी स्कूटरवर मागे बसताना "नीट बसलास ना?" असं विचारत, आणि 'ना'सोबतच किक मारत. एकदा अर्ध्याचा एक पाय अजून जमिनीवर होता. तो फरफटत चार पावलं गेला, तेव्हा बाबांनी आरशातून बघून म्हटलं, "लक्ष कुठे असतं तुझं?"

बाबा कोल्ड स्टोरेजचे सुपरवायझर. चार खोल्या, सफरचंदं आणि बटाटे, दोन अंशांवर. मुलाने इंजिनियरिंगची चारातली दोन वर्षं करून कॉलेजला रामराम ठोकला, म्हणून त्याला इथे क्रेटवर तारखेच्या पट्ट्या चिकटवायला आणून बसवलेला. माल उचलणाऱ्यांतल्या पैलवानाने (हा वाऱ्याने उडेल असा किडकिडीत माणूस) पहिल्याच दिवशी त्याला 'अर्धा इंजिनियर' म्हटलं. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यातला इंजिनियर झडून गेला होता. अर्ध्या राहिला.

"जूनपर्यंत बघू," बाबांनी सांगितलं होतं. "तोवर काही करून दाखवलंस तर ठीक. नाहीतर मुकाट्याने कॉलेजात परत, पहिल्यापासून."

पट्ट्या चिकटवून माणूस काय करून दाखवणार, हे त्यांनी सांगितलं नाही.

२

किट ताईने पाठवलं. ताई दुसऱ्या शहरात नोकरीला होती आणि घरात एकटी तीच प्रश्न विचारून थांबणारी होती. खोक्यात तळहाताएवढा एक निळा बोर्ड, भोकाभोकांची एक पांढरी पट्टी, रंगीत वायरी, मसुराएवढे दिवे, एक टिकटिक करणारा बझर आणि चिठ्ठी: 'हे शिक. नुसता चिडत बसलास तर डोकं फिरेल तुझं.'

दुपारी दीडला काम सुटलं की अर्ध्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसे. पहिला धडा दिवा लुकलुकवण्याचा. वायर या भोकातून त्या भोकात, मध्ये एक रेझिस्टर, लॅपटॉपवर सहा ओळी. दिवा लागला, विझला, लागला. अर्ध्या कितीतरी वेळ बघत राहिला. दोन वर्षं मास्तरांनी पिवळ्या पडलेल्या वह्यांतून वीज वाचून दाखवली होती. एकानेही एक दिवा पेटवू दिला नव्हता.

"एवढंच?" बाबांनी जाता जाता विचारलं. "आमच्याकडे बटण आहे भिंतीवर."

दुसऱ्या धड्यात बटण, तिसऱ्यात बझर. चौथ्यात एका जोडीची ओळख झाली: इकडे एक डोळा, तिकडे एक डोळा, मध्ये डोळ्यांना न दिसणारा किरण. किरणाआड काही आलं की बोर्डाला कळतं. आणि असे दोन किरण एका दारात शेजारीशेजारी लावले, एक उंबऱ्याबाहेर, एक आत, तर आधी कुठला तुटला यावरून माणूस आत गेला की बाहेर आला तेही कळतं. आत गेला की आकडा एकाने वाढवायचा. बाहेर आला की एकाने कमी करायचा.

तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे तीन नंबरचं दार आलं.

कोल्ड स्टोरेजच्या खोलीला आतून उघडायचा एक दांडा असतो. कोणी चुकून आत राहिलं तर ढकलायचा आणि बाहेर पडायचं. बाकीच्या तिन्ही खोल्यांना तो होता. तीन नंबरला दांड्याच्या जागी दोन भोकं होती आणि त्यांत कोंबलेली पुट्टी. 'करून घ्यायचंय' असं मालक वर्षानुवर्षं म्हणत होते. त्या भोकांच्या खाली, दाराच्या आतल्या पत्र्यावर, गुडघ्याच्या उंचीला बरेच पोचे होते आणि त्यांवर नंतर कधीतरी रंग मारला होता.

"क्रेट आपटून पडलेत," बाबा म्हणाले होते.

दार बाहेर उघडतं, तर क्रेट त्याच्या आतल्या बाजूवर आपटेल कसा, हे अर्ध्याने विचारलं नाही. उत्तर मिळणार नव्हतं.

३

"दाराबाहेर आकडा दिसेल," त्याने बाबांना समजावलं. "आत किती माणसं आहेत तो. शून्य दिसलं तरच कडी घालायची. हाका मारायला नकोत."

"आणि तुझं यंत्र चुकलं तर?"

"तुमच्या हाकेपेक्षा कमीच चुकेल."

बाबांचा चेहरा क्षणभर असा झाला की अर्ध्याला वाटलं, आता थोबाडीत बसते. पण ते एवढंच म्हणाले, "लाव. शनिवारी मालक येणार आहेत. त्यांना आवडलं तर चारही खोल्यांना लावू. सांभाळायला तूच राहशील. मग कॉलेजचं नाव नाही काढणार मी."

सोमवारी दिवसभर अर्ध्या दाराशी होता. कंप्रेसर चालवणाऱ्या मिस्त्रीकडून ड्रिल घेऊन त्याने दाराशेजारच्या भिंतीला कमरेच्या उंचीवर बोटभर जाड, आरपार भोक पाडलं, आतल्या डोळ्यांच्या वायरी त्यातून बाहेर ओढल्या आणि उरलेल्या जागेत कापूस कोंबला. बोर्ड प्लास्टिकच्या डब्यात घालून बाहेर भिंतीला लावला. वर लाल आकडा. आत जाताना एक टिक, बाहेर येताना टिक-टिक.

समोरच्या भिंतीवर सहा खुंट्या होत्या. आत जाताना घालायची जाड जाकिटं तिथे टांगलेली असत. माणसं पाच, जाकिटं पाच. अर्ध्याने आपलं सहावं जाकीट रिकाम्या खुंटीला अडकवलं. बाकी सगळी सारखीच होती. याच्या डाव्या बाहीवर मात्र सोल्डरिंगचा तापलेला टोकदार दांडा टेकून पडलेला तपकिरी डाग होता.

"तिथे नको," मिस्त्री म्हणाला.

"का?"

"दुसरीकडे अडकव ना."

"दुसरीकडे म्हणजे कुठे, तुमच्या डोक्यावर? खुंटी मोकळी आहे."

मिस्त्रीने बाबांकडे बघितलं. बाबांनी रजिस्टरकडे बघितलं. पैलवान चपलेचा अंगठा नीट करू लागला. साठीला आलेली माणसं एका खुंटीला घाबरतात आणि का ते सांगायचं धाडसही त्यांच्यात नसतं, असं म्हणून अर्ध्याने जाकीट तिथेच ठेवलं. मुद्दाम.

मंगळवारी सकाळी सहाला बाबांनी तीन नंबरचं दार उघडलं. दिवसभर टिक आणि टिक-टिक चालू राहिली. पैलवान दर फेरीला डब्याला सलाम ठोकी, "साहेब, आत जाऊ?" एक वाजता रोजच्यासारखा आईचा फोन आला. बाबा फोन उचलत नसत, म्हणून ती अर्ध्याला करी.

"निघताय ना रे जेवायला?"

"हो."

शेवटचा माणूस बाहेर आला. टिक-टिक. जाकिटं खुंट्यांवर गेली. पाच आणि एक, सहा. सगळे आकड्याकडे बघत उभे राहिले.

आकडा होता एक.

४

"आत कोण राहिलंय मग? माझी सासू?" पैलवान म्हणाला. सगळे हसले. मिस्त्री हसला नाही.

बाबा आत जाऊन सगळ्या रांगा बघून आले. आत जाताना दोन झाला, बाहेर येताना परत एक. त्यांनी तीन हाका मारल्या, दार लावलं, कडी घातली.

"अर्धं शिकलेल्याचं यंत्र," ते स्कूटर काढताना म्हणाले. "नीट बसलास ना?"

रात्रीच्या जेवणापर्यंत अर्ध्याने तीन कारणं शोधली. कोणीतरी हात हलवत गेला असेल. दोघं एकदम आले असतील. पैलवान सलाम ठोकायला उंबऱ्यात थांबला असेल. त्याने लॅपटॉपवरच्या ओळी बदलल्या, डोळे घट्ट केले, पैलवानाला दम भरला.

बुधवारी परत एक. ना दोन, ना अर्धा दिवस बरोबर आणि मग एक. नेमका एक जास्त.

म्हणून गुरुवारी तो सकाळी सहालाच वही घेऊन दाराशी उभा राहिला. बोर्ड सुरू केला. आकडा शून्य. बाबांनी कडी काढली, दार ओढलं. आतली गार हवा बाहेरच्या उबेला भेटली आणि पांढरं धुकं भसकन बाहेर आलं.

टिक.

कोणी हललं नव्हतं. बाबा दाराच्या मागे होते, अर्ध्या चार पावलं लांब. पैलवान अजून आलाही नव्हता. आकडा एक.

अर्ध्याने मोठ्याने श्वास सोडला. "धुकं! बाबा, धुकंच आहे. दार उघडलं की किरण धुक्याने तुटतात. आत माणूस गेला असं त्याला वाटतं. सापडलं."

"बरं," बाबा म्हणाले. ते दाराच्या मागून लगेच पुढे आले नाहीत.

क्रेटवर पट्ट्या लावता लावता, दहाव्या की अकराव्या पट्टीला, अर्ध्याचे हात थांबले. धुकं आतून बाहेर येतं. म्हणजे त्याने आधी आतला किरण तोडला पाहिजे, मग बाहेरचा. टिक-टिक व्हायला हवं. आकडा उणे एक व्हायला हवा.

झालं होतं ते एकदाच टिक. आधी बाहेरचा, मग आतला.

त्याने पट्टी चिकटवली. ती वाकडी बसली.

५

शुक्रवारी तो लॅपटॉप घेऊन आला. खोक्यावर ठेवून बोर्डाला जोडला. आता कुठला किरण कधी तुटला आणि दोन्हींमध्ये किती वेळ गेला, हे पडद्यावर ओळीओळीने उमटणार होतं. अर्ध्याने आधी बंद दारापुढे चार वेळा हात फिरवून बाहेरचा किरण तपासला, नंतर पैलवानाच्या चालीवरून हिशोब काढला: चालणारा माणूस बाहेरच्या किरणातून आतल्या किरणात अर्ध्या सेकंदात पोचतो. क्रेट घेतलेला असला तर पाऊण.

"आज मी उघडतो, बाबा."

बाबांनी नको म्हणायला तोंड उघडलं आणि जुडगा पुढे केला.

दार उघडलं. धुकं आलं. पडद्यावर ओळ उमटली: बाहेरचा किरण तुटला.

टिक झालं नाही. अर्ध्या आतल्या किरणाची वाट बघत राहिला. एक सेकंद. दोन. किरण तुटलेलाच होता, म्हणजे बाहेरच्या दोन डोळ्यांच्या मध्ये काहीतरी होतं आणि ते हलत नव्हतं. चार. अर्ध्याने मान वर केली. दारात काही नव्हतं. आतल्या रांगा दिसत होत्या, वरचा दिवा दिसत होता, सफरचंदांचा गोड, कोंदट वास येत होता. सहा. सात.

धुकं आता कमरेखाली बसलं होतं आणि उंबऱ्यावरून ओढ्यासारखं बाहेर वाहत होतं. पांढरं, सपाट, फरशीला धरून. फक्त उंबऱ्याच्या मधोमध ते सपाट नव्हतं. तिथे दोन जागी, वीतभर अंतराने, ते दुभंगत होतं आणि पुढे परत मिळत होतं. ओढ्यात पाय रोवून कोणी उभं राहिलं की पाणी जसं वाट काढतं, तसं.

नऊ. दहा.

दुभंगलेल्या जागांतली एक मिटली, आणि जरा आत उघडली.

अकरा. टिक.

"काय झालं?" बाबांनी विचारलं. या वेळीही ते दारामागेच होते, पाठ भिंतीला लावून.

"काही नाही," अर्ध्या म्हणाला. "धुकं."

आपणही हुबेहूब त्यांच्यासारखं बोललो, हे त्याच्या ध्यानात आलं. पण सांगायचं काय? हवेचा झोत कुठल्याही खाचेवर आपटून असा फुटू शकतो. आतल्या डोळ्यावर दव साचतं, त्याने किरण उशिरा तुटू शकतो. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. सगळ्या गोष्टींना मिळून एक कारण मात्र सापडत नव्हतं.

तो मिस्त्रीकडे गेला. कंप्रेसरच्या खोलीत कान किटवणारा आवाज होता. अर्ध्याने ओरडून विचारलं, "ती सहावी खुंटी कोणाची?"

मिस्त्रीने तेलाचे हात फडक्याला पुसले. बराच वेळ पुसले.

"तुझ्या बाबांना विचार."

"ते सांगत नाहीत."

"मग मी कोण सांगणारा?" मिस्त्री म्हणाला. आणि अर्ध्या वळल्यावर, मागून, "जाकीट काढ तिथलं. एवढं ऐक."

६

उद्या मालक येणार होते.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर अर्ध्या पडद्याकडे बघत बसला. खरं सांगायचं तर काय, 'मालक, माझं यंत्र बरोबर आहे, पण रोज सकाळी आत एक जण जातो'? बाबा वेड्यांच्या डॉक्टरकडे नेतील, नाहीतर कॉलेजात. दोन्ही ठिकाणी भिंतींना एकच रंग असतो.

त्याने मोजणीची सुरुवात शोधली. तिथे शून्य होतं. त्याने ते पुसलं आणि उणे एक लिहिलं.

बस्स. सकाळी सुरू केलं की आकडा उणे एक. दार उघडलं, ते एक टिक झालं, की शून्य. मग माणसं मोजायची. सगळे बाहेर आले की शून्य. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, पण दिसायला पट्टी चोख.

"जमलं?" आईने भांडी आवरता आवरता विचारलं.

"जमवलं," अर्ध्या म्हणाला.

शनिवारी सगळं ठरल्यासारखं झालं. सकाळी उणे एक, दार, टिक, शून्य. साडेबाराला मालक आले. त्यांनी दोन माणसं आत पाठवली, दोन झाला. एक बाहेर बोलावला, एक झाला. स्वतः आत जाऊन आले, तेव्हा टिक ऐकून लहान मुलासारखे खूश झाले. सगळे बाहेर आल्यावर लाल शून्य.

"म्हणजे शून्य म्हणजे कोणी नाही? नक्की?"

"शून्य म्हणजे शून्य," अर्ध्या म्हणाला. त्याची नजर मिस्त्रीवर गेली, म्हणून त्याने ती पुढे सरकवली.

"पोरगं हुशार आहे हो तुमचं," मालक बाबांना म्हणाले. "चारही खोल्यांना लावा. आणि त्या दांड्याचं काय ते आता राहू द्या, गरज नाही."

बाबांनी मान हलवली. अर्ध्या त्यांच्या तोंडाकडे बघत होता. एक शब्द आला असता तर चाललं असतं. बाबा म्हणाले, "चला, गाडीपर्यंत येतो मालक."

शनिवार, म्हणून अर्धा तास आधीच सुटी. पैलवान आणि बाकीचे जाकिटं टांगून निघून गेले. मिस्त्री सायकल काढून गेला. आता सोमवारी सकाळपर्यंत इथे कोणी येणार नव्हतं. फक्त तीन नंबरचं दार तेवढं लावायचं राहिलं होतं.

अर्ध्याला स्टूल आठवलं. आतले डोळे बसवताना घेतलेलं, पैलवानाने उचलून पार मागच्या रांगेत टाकलेलं. घरचं स्टूल, आई दोनदा बोलली होती. दोन मिनिटांचं काम. त्याने जाकीट घातलं नाही. फोन जाकिटाच्या खिशातच होता.

तो आत गेला. टिक. बाहेर आता आकडा एक. बरोबर.

७

मागच्या रांगेत स्टूल दोन क्रेटच्या मध्ये अडकलं होतं. अर्ध्याने एक पाय क्रेटला लावून ते ओढलं. शर्टातून गारवा पाठीला लागत होता. बाबांच्या न आलेल्या शब्दावर तो मनातल्या मनात चिडत होता, इतका, की आवाज झाला तेव्हा त्याचं आधी लक्षच गेलं नाही.

टिक-टिक.

बाबा येऊन गेले असणार. डोकावून.

त्याने स्टूल आणखी ओढलं. मग थांबला.

बाबा आत आले असते तर आधी टिक झालं असतं. एकच. ते झालं नव्हतं. फक्त टिक-टिक. म्हणजे कोणी आत आलं नव्हतं, आणि एक जण बाहेर गेला होता.

आत दोघंच होते. हिशोब त्याचा स्वतःचा होता. सकाळचा एक, जो त्याने उणे एकने झाकून ठेवला होता. आणि तो स्वतः. त्यातला एक आता बाहेर गेला होता.

आणि दाराबाहेरचा आकडा आता शून्य होता.

"बाबा!"

स्टूल टाकून तो रांगेतून धावला. कोपऱ्यावर खांदा आपटला, क्रेट पडला, सफरचंदं फरशीवर गडगडत गेली. दाराची उजेडाची उभी फट त्याला दिसली. ती बोटाएवढी होती. मग सुतळीएवढी. धप्प.

हाका नव्हत्या. बाबांनी एकही हाक मारली नव्हती. त्याने सांगितलं होतं तसंच.

कडी पडली. दिव्याचं बटण बाहेर होतं. तेही पडलं.

त्याने दारावर मुठी मारल्या. जाड पत्रा, आत जाड फोम. आवाज जिथल्या तिथे मरत होता. लाथ मारली तर पाय गुडघ्याएवढ्या उंचीवर बसला, आणि पत्र्यात त्याच्या आधीचा एक पोचा होता, पायाला अगदी बरोबर येणारा.

८

दाराशेजारी, कमरेच्या उंचीवर, अंधारात तांदळाच्या दाण्याएवढा उजेड होता.

अर्ध्या गुडघ्यांवर बसला. वायरींच्या कडेचा कापूस नखांनी ओढून काढला आणि डोळा भोकाला लावला. समोरची भिंत दिसली. दुपारचं पिवळं ऊन. सहा खुंट्या.

पाच जाकिटं.

"शून्य!" बाबांचा आवाज अगदी जवळून आला, भिंतीच्या पलीकडून. "बघ, शून्य आलंय. सुटलो त्या हाकांमधून." थोडं थांबून, घसा खाकरून, "चांगलं काम केलंस हो. मालकांसमोर बोललो नाही, पण चांगलं केलंस."

वीस वर्षांत हे वाक्य अर्ध्याने ऐकलं नव्हतं. ते आत्ता त्याला म्हटलेलं नव्हतं.

त्याने तोंड भोकाला लावलं आणि छाती फुटेल इतक्या जोराने ओरडला, "बाबा! मी आत आहे! बाबा!"

"अरे, इथेच तर उभा आहेस," बाबा बाहेर म्हणाले. "कानाशी ओरडतोस कशाला?"

त्याने परत डोळा लावला. बाबांची पाठ भोकासमोरून गेली. तिच्यामागून एक बाही. निळी, जाड, कोपरात न वाकणारी. मनगटाजवळ तपकिरी डाग. ती भोकासमोर आली आणि थांबली. ऊन गेलं. पलीकडे भोकाला लागून काहीतरी होतं आणि ते हलत नव्हतं. अर्ध्याने डोळा काढला नाही. काढता येईना. त्याला मनात सेकंद मोजले जाताना ऐकू येत होते. नऊ. दहा. अकरा.

ऊन परत आलं.

फोन वाजू लागला. त्याचाच फोन, जाकिटाच्या खिशातला. आईची रिंग.

"उचल की," बाबा म्हणाले. "जेवणाचं विचारत असेल."

रिंग मधेच थांबली.

पावलं लांब गेली. एक जोडी चपलांची, बाबांची. दुसरी ऐकू येत नव्हती. मग फाटक. मग स्कूटर स्टँडवरून काढल्याचा खटका. मागच्या सीटची स्प्रिंग करकरली, कोणी तिच्यावर भार दिला की ती करकरायची तशीच.

"नीट बसलास ना?" बाबांनी विचारलं.

अर्ध्याने किकची वाट बघितली. प्रश्न आणि किक एकदम, आयुष्यभर. कपाळ गार भिंतीला टेकून, दात वाजू न देता, तो ऐकत राहिला.

किक आली नाही. बाबा थांबले होते. उत्तरासाठी.

"बरं," बाबा म्हणाले. आणि मग गाडी सुरू झाली.